जिंकल्यानंतरची गोष्ट

सॅम रायमी यांचा ‘स्पायडर-मॅन’ मे २००२मध्ये आला आणि ३० जून २००४ रोजी अमेरिकेत ‘स्पायडर-मॅन २’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक तोच. टोबी मॅग्वायर, कर्स्टन डन्स्ट, जेम्स फ्रँको, रोझमेरी हॅरिस हे कलावंतही तेच. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत दहा कोटी डॉलरचा टप्पा ओलांडणारा पहिला चित्रपट होता २००२चा तो पहिला भाग. एवढं यश मिळाल्यावर दुसरा भाग येणारच होता. पण तो पहिल्याच्या तोडीचा निघेल, याची खात्री कोणी दिली असती? माझ्या मते तो तसा निघाला आणि काही जागी पहिल्याच्या पुढेही गेला. हे मत नुसतं सांगण्यापेक्षा त्याच्या विरोधातल्या सगळ्यात भक्कम आक्षेपांपुढे ते टिकतं का, हे पाहिलेलं बरं. म्हणून हा संवाद. यातले मामा संस्कृतचे निवृत्त शिक्षक आणि फिल्म सोसायटीचे जुने सभासद आहेत. भाची चित्रपटांच्या व्हिज्युअल इफेक्ट्सचं काम करते.

मामा : माझं म्हणणं साधं आहे. पहिल्या चित्रपटात शोध असतो. एका भिडस्त मुलाला कोळी चावतो. सकाळी उठतो तर चष्म्याशिवाय लख्ख दिसायला लागलेलं असतं, हात भिंतीला चिकटतात, आणि तो छपरांवरून उड्या मारत आनंदाने ओरडतो. तो आनंद त्याला आणि आपल्याला एकाच वेळी होतो. आपल्या अंगात काय आहे, हे माणसाला पहिल्यांदा एकदाच कळतं. ते दुसऱ्या भागात कुठून आणणार? आणता येत नाही म्हणूनच बहुतेक सिक्वेल शत्रू मोठा करतात आणि आवाज वाढवतात.

भाची : हे मला मान्य आहे, मामा. पण रायमींनी तो आनंद परत आणायचा प्रयत्नच केलेला नाही. दुसरा चित्रपट कुठे सुरू होतो ते बघ ना. पीटर पार्कर पिझ्झा पोहोचवतोय. २९ मिनिटांत पोहोचला नाही, तर गिऱ्हाईक पैसे देणार नाही. वाटेत दोन मुलं ट्रकखाली येणार असतात. तो त्यांना वाचवतो, उशीर होतो आणि नोकरी जाते. त्याला कामावरून काढणाऱ्या मिस्टर अझीझच्या भूमिकेत आसिफ मांडवी आहेत, जन्माने मुंबईचे. मग संपादक जेमसन झापतो, कॉलेजात डॉक्टर कॉनर्स आळशी म्हणतात, घरमालक भाड्यासाठी दारात उभा राहतो. त्याला वाढवणाऱ्या मेकाकूचं घर कर्जापायी जायची वेळ आलीय. त्याच्या वाढदिवसाला ती त्याला वीस डॉलर देते. तो नको म्हणतो तेव्हा ती एकदम ओरडते, घे म्हणते, आणि लगेच तिलाच रडू फुटतं. मला तर त्या वीस डॉलरचा प्रसंग कुठल्याही मारामारीपेक्षा जास्त लागतो.

मामा : गरिबीचे हाल आपल्या सिनेमानेही पुष्कळ दाखवलेत. नायकाचा खिसा रिकामा दाखवला की प्रेक्षक त्याच्या बाजूने होतो. यात सिक्वेलचं म्हणून वेगळं काय?

भाची : हे सगळे हाल पहिल्या चित्रपटातल्या निर्णयातून आलेत, हे वेगळं. पहिल्याचा शेवट आठव. खलनायक ग्रीन गॉब्लिन मेलाय. दफनभूमीत पीटरला आवडणारी मेरी जेन त्याला सांगते की तिचं त्याच्यावर प्रेम आहे. तो नकार देतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. अंगात बळ आलंय म्हणजे जबाबदारीही आलीच, असं तो स्वतःशी ठरवतो. आपण त्याला थोर म्हणतो आणि चित्रपटगृहातून बाहेर पडतो. दुसरा चित्रपट विचारतो, हा थोरपणा रोज जगायचा म्हणजे काय? शिवाय पीटरने तीन माणसांपासून तीन गोष्टी लपवल्यात. ज्या चोराने पुढे बेनकाकाला मारलं, त्याला आपणच निसटू दिलं, हे मेकाकूपासून. मित्र हॅरीचा बापच गॉब्लिन होता, हे हॅरीपासून. आणि स्पायडर-मॅन आपणच, हे मेरी जेनपासून. पहिला चित्रपट या तिन्ही गोष्टी झाकून संपतो. दुसऱ्याच्या शेवटापर्यंत तिन्ही उघड होतात.

मामा : बांधणी चांगली आहे, कबूल. पण कल्पना उसनी आहे. नायक आपलं बळ सोडून साधा माणूस व्हायला बघतो, हे १९८०च्या ‘सुपरमॅन २’मध्ये येऊन गेलंय. त्याच्याही आधी जुलै १९६७च्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या ५०व्या अंकात आलंय. स्टॅन ली यांचं लेखन, जॉन रोमिता यांची चित्रं. कचऱ्याच्या डब्यात टाकलेला पोशाख आणि पाठमोरा चाललेला पीटर, हे चित्रसुद्धा चित्रपटाने उचललंय.

भाची : उचललंय, आणि ते दिसावं अशाच बेताने उचललंय. पण त्या कॉमिकमध्ये पीटर एका पहारेकऱ्याला वाचवतो, त्याच्यात त्याला बेनकाका दिसतो आणि तो परततो. चित्रपटात परतण्याची वाट फार कठीण आहे. पोशाख टाकल्यावर काही दिवस मजेत जातात. वर्गात उत्तरं देतो, मेरी जेनचं नाटक शेवटपर्यंत बघतो. मग एका जळत्या इमारतीसमोर येतो. आता अंगात काही उरलेलं नाही, तरी तो आत शिरतो आणि एका लहान मुलीला घेऊन बाहेर येतो. लोक त्याला शाबासकी देतात. तेवढ्यात कानावर येतं की वरच्या मजल्यावर एक जण अडकून मेला. पीटर काही बोलत नाही. बळ नसताना त्याने एक जीव वाचवला, आणि बळ नव्हतं म्हणून दुसरा गेला. दोन्ही गोष्टी एकाच आगीत त्याला कळतात. ही जागा कॉमिकमध्ये नाही.

मामा : पण मुळात बळ जातं कशामुळे? विष नाही, शाप नाही. एके दिवशी जाळं सुटत नाही आणि गडी खाली पडतो. शास्त्रात सोड, नाट्यातही घटनेला कारण लागतं. आणि बळ परत येतं कधी, तर नायिकेला पळवून नेतात तेव्हा! ही युक्ती किती जुनी आहे.

भाची : परत येण्याची वेळ सोयीची आहे, हे मी मान्य करते. जाण्याचं कारण मात्र चित्रपटाने दिलंय. तो डॉक्टरकडे जातो आणि दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून सांगतो, की माझ्या मित्राला स्वप्नं पडतात, त्यात तो स्पायडर-मॅन असतो आणि चढता चढता पडतो. डॉक्टर सुचवतात की त्याला कदाचित चढायचंच नसेल. मामा, जे काम आपण मनाविरुद्ध ओढत राहतो, ते एक दिवस शरीर नाकारतं. हे माझ्या कामाच्या क्षेत्रात मी पुष्कळांचं होताना पाहिलंय. आणि मनाने ठरवलं म्हणून शरीर लगेच ऐकतं, असंही चित्रपट म्हणत नाही. मेकाकूशी बोलून तो हुरूप घेतो, गच्चीवरून झेप टाकतो आणि खाली मोटारींवर आपटतो. मन आधी फिरतं, अंग मागून येतं. हे मला कुठल्याही रसायनापेक्षा खरं वाटतं.

मामा : बरं, खलनायकाकडे येऊ. पहिल्यात नॉर्मन ऑस्बॉर्न, म्हणजेच ग्रीन गॉब्लिन. शास्त्रज्ञ, पीटरला वडिलांसारखा, स्वतःवर प्रयोग करतो, डोक्यात दुसरा आवाज सुरू होतो, शेवटी मरतो. दुसऱ्यात ऑटो ऑक्टेव्हियस. शास्त्रज्ञ, वडिलांसारखा, प्रयोग फसतो, डोक्यात आवाज, शेवटी मरतो. आराखडा तोच ठेवला आणि भिंती रंगवल्या.

भाची : आराखडा सारखा आहे म्हणूनच फरक उठून दिसतो. गॉब्लिनच्या तोंडावर कडक मुखवटा होता. विलेम डफोंसारखा नट, पण निम्मा वेळ त्यांचा चेहराच दिसत नाही. आल्फ्रेड मोलिनांचा चेहरा सतत समोर आहे. ऑक्टेव्हियस पहिल्यांदा भेटतो तो स्वतःच्या घरी, बायको रोझलीसोबत. प्रेमाबद्दल, कवितेबद्दल बोलतो, आणि आपल्या प्रयोगाची जबाबदारी काय असते हेही पीटरला सांगतो. प्रयोग फसतो तेव्हा रोझलीच मरते. त्याची महत्त्वाकांक्षा आणि त्याचं दुःख, दोन्ही आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं. जे त्याला मिळालं होतं, म्हणजे आवडीचं काम आणि आवडतं माणूस एकाच घरात, तेच पीटरला हवं आहे. तो माणूस पीटरच्या डोळ्यांसमोर सगळं गमावतो. शत्रूची इतकी अचूक निवड पहिल्या चित्रपटात नव्हती.

आणि त्याच्या पाठीला चिकटलेले ते चार यांत्रिक हात! त्यांच्याबद्दल मी माझ्या पेशातून बोलते. बऱ्याच प्रसंगांत ते खरेखुरे बनवलेले आहेत आणि कळसूत्री बाहुल्यांसारखे माणसांनी हलवलेत. जिथे ते खऱ्याने जमणार नव्हतं, तिथेच संगणकावर केले. मोलिनांनी तर त्या हातांना नावं दिली होती. म्हणून त्यांच्या नजरेत त्या हातांशी बोलण्याचा भाव येतो. हातांनाही स्वभाव आहेत. एक कुतूहलाने डोकावतो, एक चिडतो. पहिल्या चित्रपटाला व्हिज्युअल इफेक्ट्सच्या ऑस्करसाठी नामांकनच मिळालं होतं. दुसऱ्याने तो पुरस्कार जिंकला.

मामा : त्या इस्पितळातल्या प्रसंगाबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हात जागे होतात, डॉक्टर किंचाळतात, भिंतींवर सावल्या, फरशीवर ओरखडणारी नखं. १९८१चा ‘द इव्हिल डेड’ करणारा दिग्दर्शक तिथे स्वतःच्या घरी आल्यासारखा वागतो. पण शेवट? ऑक्टेव्हियसच्या प्रयोगातून बंदरावर पेटलेला छोटा सूर्य नदीत बुडवून विझवायचा. हे पटणारं आहे?

भाची : नाही. तिथे विज्ञान पोकळ आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. मला पटतं ते एवढंच, की तो सूर्य ऑक्टेव्हियस स्वतः बुडवतो. पीटर त्याला मारत नाही, समजावतो. आपल्याला सगळ्यांत जास्त हवं असतं ते कधी कधी सोडावं लागतं, हे वाक्य त्याने मेकाकूकडून ऐकलेलं असतं. तेच तो ऑक्टेव्हियसला ऐकवतो. पहिल्या चित्रपटात शत्रू आपल्याच शस्त्राने मेला. दुसऱ्यात शत्रू शुद्धीवर येतो. मला हे पुढचं पाऊल वाटतं.

मामा : आणि मेरी जेन? तिची काळजी मला जास्त आहे. दोन्ही चित्रपटांत तिला कुणीतरी पळवतं आणि कुणीतरी सोडवतं. शेवटी ती भर लग्नातून पळून याच्या दारात येते. बोहल्यावर ताटकळत राहिलेल्या त्या बिचाऱ्या अंतराळवीराचा काय दोष?

भाची : त्याचा दोष नाही, आणि चित्रपट त्याच्याकडे पुरेसं बघत नाही, हे खरं. पण मेरी जेन दारात येऊन काय म्हणते ते ऐक. धोका काय आहे ते मला माहीत आहे, आणि तो पत्करायचा की नाही हे मी ठरवणार. पहिल्या चित्रपटात पीटरने दोघांच्या आयुष्याचा निर्णय एकट्याने घेतला होता. तिला विचारलंसुद्धा नव्हतं. आणि मामा, हे तूच मला एकदा दुसऱ्या एका गोष्टीत शिकवलं होतंस. भवभूतीचं ‘उत्तररामचरित’.

मामा : अगं, तू तर माझ्याच घरात शिरलीस! आठव्या शतकातला, विदर्भातल्या पद्मपूरचा भवभूती. त्याने आधी ‘महावीरचरित’ लिहिलं. त्यात रामाचा पराक्रम, रावणवध, राज्याभिषेक. मग ‘उत्तररामचरित’ लिहिलं, ते जिंकल्यानंतरचं. राज्य मिळालंय आणि प्रजेसाठी सीतेला वनात पाठवलंय. तिला विचारलेलं नाही. रसिकांनी पहिल्यापेक्षा दुसऱ्या नाटकाला वर ठेवलं. पहिल्यात वीर आहे, दुसऱ्यात करुण.

भाची : आणि तिसऱ्या अंकात सीतेची सखी वासंती रामाला जाब विचारते.

मामा : विचारते. सीता अदृश्य रूपाने तिथेच असते आणि रामाचं रडणं ऐकते. त्यागाची किंमत ज्याने चुकवली, त्याच्यासमोर त्याग करणाऱ्याला उभं करायचं, हे धैर्य भवभूतीने दाखवलं. थांब, मला आणखी एक गोष्ट सुचते. ‘उत्तररामचरित’चा पहिला अंक चित्रदर्शनाचा आहे. राम, सीता आणि लक्ष्मण आपलीच मागची कथा रंगवलेल्या चित्रांत बघतात. आणि या चित्रपटाची श्रेयनामावली...

भाची : ॲलेक्स रॉस यांची चित्रं! सुरुवातीला पहिल्या चित्रपटातले प्रसंग रंगवलेल्या चित्रांतून येतात. कोळ्याचा चावा, बेनकाका, गॉब्लिन, ते चुंबन.

मामा : रायमींनी भवभूती वाचला असेल असं मी म्हणत नाही. पण दोघांसमोर अडचण एकच होती. आधीच्या कथेची प्रेक्षकाला आठवण करून द्यायची, आणि ती आठवताना पात्रांना ती अजून दुखते हेही दिसायला हवं. दोघांना सुचलेला उपाय जवळजवळ एक निघाला. याचं मला मनापासून नवल वाटतं.

भाची : मग मेकाकूचा प्रसंग बघ. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पीटर तिला खरं सांगतो, की चोराला मी अडवू शकलो असतो, अडवलं नाही. तिचा हात त्याच्या हातात असतो. ती तो हळूच काढून घेते, उठते आणि एक शब्द न बोलता वर निघून जाते. पहिल्या चित्रपटात बेनकाकाचा मृत्यू हा पीटरला घडवणारा प्रसंग होता. दुसऱ्यात आपल्याला कळतं की त्यात एका बाईचा नवरा गेला होता. पटकथा लिहिणारे ॲल्विन सार्जंट तेव्हा ७७ वर्षांचे होते. घरातल्या मृत्यूनंतर माणसं एकमेकांशी कशी बोलेनाशी होतात, यावरच्या ‘ऑर्डिनरी पीपल’च्या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर मिळालेलं होतं. कोळ्याच्या कथेला असा लेखक मिळणं हे या चित्रपटाचं मोठं भाग्य.

मामा : आगगाडीच्या प्रसंगावर मात्र माझा थोडा राग आहे. तो पाहून सगळे भारावून जातात, पण भारावण्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. हात पसरून गाडी थांबवणारा तरुण, मग बेशुद्ध देह लोकांच्या हातांवरून आत जातो. ख्रिस्ताचं चित्र प्रेक्षकाच्या समोर धरलंय.

भाची : चित्र धरलंय, खरं आहे. पण तो प्रसंग मी पहिल्या चित्रपटाशी जोडून बघते. पहिला चित्रपट ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर आठ महिन्यांत आला. त्यात पुलावरचे न्यूयॉर्ककर गॉब्लिनवर हाताला लागेल ते फेकतात. ती एका दुखावलेल्या शहराची घोषणा होती, आणि त्या वेळी ती गरजेचीही होती. दुसऱ्यात तेच लोक डब्यात जवळून दिसतात. मुखवटा गेलाय, चेहरा उघडा आहे, आणि एकाच्या लक्षात येतं की हा तर माझ्या मुलाएवढा पोरगा आहे. दोन लहान मुलं मुखवटा शोधून देतात आणि कुणाला सांगणार नाही म्हणतात. मग ऑक्टेव्हियस येतो तेव्हा तेच प्रवासी त्याच्या आणि पीटरच्या मध्ये उभे राहतात. त्यांना क्षणात बाजूला फेकलं जातं, पण ते उभे राहिलेले असतात. सगळ्यांसाठी एकट्याने झिजणाऱ्या मुलासाठी प्रथमच कुणीतरी काहीतरी करतं. या प्रसंगाचं बरंचसं चित्रण शिकागोच्या उन्नत रेल्वेवर झालं, कारण मॅनहॅटनमध्ये कथेला हवा तसा मार्ग नाही. पण बघताना शहर खोटं वाटत नाही, कारण माणसं खरी वाटतात.

मामा : तुझी बाजू मला बऱ्याच अंशी पटली. पण शेवटचा आक्षेप मी सोडणार नाही. या चित्रपटाच्या यशाने स्टुडिओंना खात्री पटली की गोष्ट कितीही ताणता येते. २००७चा तिसरा भाग बघ. तीन-तीन शत्रू, आणि कुणालाच पुरता वेळ नाही. पुढे नव्या नटांसह पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि २०२१मध्ये मोलिनांना त्याच भूमिकेत परत आणलं. भवभूती रामकथेवरच्या दोन नाटकांवर थांबला.

भाची : तिसऱ्याच्या अपयशाची जबाबदारी दुसऱ्यावर टाकणं मला न्याय्य वाटत नाही. पण ताणण्याबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे. आणि एक गोष्ट तुझ्याच बाजूची सांगते. जगभरातल्या कमाईत दुसरा भाग पहिल्यापेक्षा थोडा मागेच राहिला. म्हणजे तिकीटबारीच्या मोजमापात तो पहिल्यावर मात करत नाही. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मात्र पहिल्याबद्दल हात राखून लिहिलं आणि दुसऱ्याला पूर्ण चार तारे दिले. चांगला सिक्वेल आणि मोठा सिक्वेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मामा : तेवढ्यावर आपलं एकमत. पहिल्या उड्डाणाचा आनंद मी अजूनही वर ठेवतो. पण दुसरा चित्रपट त्या आनंदाची किंमत प्रामाणिकपणे सांगतो, आणि म्हणून तो पहिल्याच्या शेजारी बसायला लायक आहे.

मामांचा आनंदाचा मुद्दा मला खोडायचा नाही. पहिल्या चित्रपटाचा ताजेपणा दुसऱ्यात नाही, आणि असायचं कारणही नाही. पण सिक्वेल मूळ कृतीच्या तोडीचा आहे की नाही, हे ठरवायला या वादातून एक कसोटी हाती लागते. शत्रू किती मोठा, शहर किती उद्ध्वस्त, खर्च किती, हे बाजूला ठेवावं. पहिल्या भागात नायक जिंकला तेव्हा किंमत कुणी मोजली, आणि दुसऱ्या भागात त्या माणसांना बोलायला जागा मिळाली का, एवढं विचारावं. ‘स्पायडर-मॅन २’मध्ये मेकाकूला मिळाली, मेरी जेनला मिळाली, हॅरीला मिळाली, डब्यातल्या अनोळखी प्रवाशांनाही मिळाली. शेवटच्या दृश्यातही कॅमेरा उडत गेलेल्या नायकावर थांबत नाही, मागे राहिलेल्या मेरी जेनच्या काळजीवर थांबतो. आज दर वर्षी सुपरहीरोंचे नवे भाग येतात आणि आपण तिकिटं काढतो. तिकीट काढण्यापूर्वी हे दोन चित्रपट पाठोपाठ पाहा आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या भागाकडे हाच हिशेब मागा. प्रेक्षकाने तो मागितल्याशिवाय कुठलाही स्टुडिओ आपणहून देणार नाही.